२५ हजारात ग्राफिक्स कार्ड बदलायचंय, १०५० टीआय दमलं, काय घेऊ?

वडगावचा_माग
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचूलालोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. पीसी २०१८ ला घेतलेला. आय५ ८४००, बी३६० बोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी, आणि एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, कॅबिनेटबरोबरच आलेला, त्याच्यावर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलंय. मॉनिटर १०८० पी, ७५ हर्ट्झ. खेळतो म्हणजे वॅलोरंट, जीटीए फाईव्ह, आणि सायबरपंक एकदा टाकून बघितला तर अक्षरशः फोटो अल्बम, एक एक पान उलटल्यासारखं. हल्ली वॅलोरंटमध्येसुद्धा अर्ध्या तासानं अडकायला लागतंय, फॅन असा ओरडतो की खाली माग चालू आहे का वर पीसी चालू आहे कळत नाही.

दिवाळीत साड्यांचा माल बरा गेला म्हणून बाबा २५ हजार देतो म्हणलेत, पण एकदाच, परत पाच वर्षं नाव काढायचं नाही ह्या बोलीवर. डोक्यात एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी, एएमडीचं आरएक्स ६६००, नाहीतर सेकंडहँड आरटीएक्स ३०६०. गणपत गल्लीकडं एका दुकानात विचारलं तर तो म्हणला ३०५० घेऊन जावा, बाकीचं स्टॉक इल्ला री. काय करू सांगा की.

निप्पाणीकर
६६०० घे आणि विषय संपव भावा.

निप्पाणीकर
बरं जरा सविस्तर सांगतो नाहीतर परत म्हणशील निपाणीवाले तंबाखू मळल्यागत दोन शब्दात उरकतात. ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं आहेत हे दुकानदार सांगत नाहीत. पहिलं आलं जानेवारी २०२२ ला, ८ जीबीचं, २५६० कोअर, बस म्हणजे मेमरीकडं जायची वाट १२८ बिटची. नंतर फेब्रुवारी २०२४ ला ६ जीबीचं आणलं, त्यात कोअर २३०४ आणि बस ९६ बिटची, म्हणजे फक्त मेमरी कमी केली नाही, आतलं इंजिनच बारकं केलंय आणि पाटी मात्र तीच. त्याचं एकच सुख, ७० वॅटमध्ये चालतंय, बऱ्याच मॉडेलला वेगळी पॉवरची वायर लागत नाही. ६६०० तर ८ जीबीवाल्या ३०५० च्या पण पुढं पळतंय, ह्या सहा जीबीवाल्याची काय कथा.

पुण्यातला_बेळगावकर
निप्पाणीकर, तू एएमडी म्हटलं की डोळे झाकून पळतोस. एनव्हिडियाचं डीएलएसएस, कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयनं मोठं करणारं, विसरलास? १०८० पी ला क्वालिटी मोड लावला की चित्र फारसं बिघडत नाही आणि एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, वाढतात. एएमडीचं तसलंच एफएसआर ४ आलं तेव्हा अधिकृतपणे फक्त ९००० सीरिजला होतं, ६६०० ला जुनं एफएसआर, त्यात केस आणि जाळी असलं काही आलं की चित्र थरथरतं. शिवाय २०२५ च्या शेवटी एएमडीनं ५००० आणि ६००० सीरिजचे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत टाकले, लोकांनी बोंब मारल्यावर मग सांगितलं की नवीन गेमचा सपोर्ट चालूच राहणार. पाच वर्षं कार्ड वापरायचं असेल तर हे पण बघायला हवं ना.

आणि धागाकर्त्याला एक प्रश्न, पीसीवर काम काय करतोस? ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग, स्ट्रीमिंग असेल तर सरळ एनव्हिडिया.

वडगावचा_माग
काम म्हणजे दादा, साडीच्या काठाची डिझाईन बाबा त्याच्यावर काढतात, जॅकार्डला, मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राला, लागणारी. ती टू-डी, चौकटी भरायच्या, त्याला तर बोर्डवरचं ग्राफिक्स पण पुरतंय. स्ट्रीमिंग केलं तर बघणार कोण, माझी बहीण आणि मांजर.

उद्यमबाग_शिफ्ट
थांबा थांबा. सगळे कार्डाच्या मागं लागलात, आधी दुखणं कुठं आहे ते तर बघा. आमच्याकडं मशीन बंद पडली की आम्ही पहिल्यांदा स्पिंडल बदलत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर टाक, फुकट आहे, कुठल्या पण कंपनीच्या कार्डावर चालतं. स्क्रीनवर चार आकडे लाव, जीपीयू म्हणजे कार्डाच्या चिपचा वापर टक्के, जीपीयू तापमान, जीपीयू क्लॉक म्हणजे तिचा वेग, आणि प्रोसेसरचा वापर. अर्धा तास वॅलोरंट, अर्धा तास जीटीए. जीपीयू ९७-९९ टक्के असेल तर कार्ड कमी पडतंय. जीपीयू ६० वर लोळतंय आणि प्रोसेसर शंभरला भिडलाय तर तू ५० हजाराचं कार्ड घातलंस तरी तेच. आणि तापमान चढता चढता क्लॉक उतरायला लागला तर कार्ड घामाघूम होऊन स्वतःच हळू चालतंय.

अर्ध्या तासानं अडकतंय म्हणतोस ना, मला तिसरं वाटतंय.

खानापूर_वायरमन
कार्ड कुठलं पण घे, मला तो एसएमपीएस बघू दे. ४५० मोठ्या अक्षरात लिहिलंय ते सोड, बाजूला बारीक तक्ता असतो, त्यात +१२ व्ही च्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते वाच. आणि अजून एक, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात का?

वडगावचा_माग
काका तक्ता बघितला. +१२ व्ही ला १६ ए. आणि हो, मुंग्या येतात, पावसाळ्यात जास्त. मला वाटायचं पीसीला असतंच असं.

खानापूर_वायरमन
असतंच असं नसतं बाळा. तुझ्या खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा वायर आहे पण पुढं कुठंच पोचत नाही. जुन्या घरात तीन पिनी सॉकेट बसवतात आणि तिसरं भोक शोभेला. ते आधी कर.

आता हिशेब कर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही ह्या बारा व्होल्टवरच जगतात. ६६०० चे १३२ वॅट, ८४०० चे ६५, झाले १९७. तुझा ४५० चा एसएमपीएस इथंच बुडाला, अजून फॅन आणि हार्डडिस्क मोजलेच नाहीत. चांगल्या कंपनीच्या ४५० वर बारा व्होल्टला ३६ ए च्या आसपास लिहिलेलं असतं, म्हणजे जवळजवळ सगळी ताकद तिथंच. तुझं १०५० टीआय आत्तापर्यंत चाललं कारण ते ७५ वॅटमध्ये, स्लॉटमधूनच वीज ओढतंय. नवीन कार्डाला आठ पिनची वायर लागणार, तुझ्याकडं ती नसणारच, मग दुकानदार दोन मोलेक्स, म्हणजे जुन्या चार पिनच्या वायरी, जोडून एक अडॅप्टर देईल, शंभर-दीडशे रुपयात. तो घेऊ नकोस. वितळलेले बघितलेत मी.

निप्पाणीकर
म्हणजे २५ मधले साडेतीन हजार एसएमपीएसला गेले. तरी म्हणतो ६६०० च, २१ च्या आसपास मिळतंय.

पुण्यातला_बेळगावकर
किंवा ह्याच कारणासाठी ३०५० ६ जीबी, एसएमपीएस बदलायची गरजच नाही. मी एनव्हिडियाचा आंधळा भक्त म्हणून सांगत नाहीये, ह्या एका बाबतीत त्या कार्डात अर्थ आहे.

खानापूर_वायरमन
असल्या एसएमपीएसवर ३०५० काय, झिरोचा बल्ब पण लावू नये. तो जाताना एकटा जात नाही, बोर्ड घेऊन जातो.

हिंदवाडी_काका
मी वयाने मोठा आहे म्हणून दोन शब्द. नवीन घेणार असाल तर जीएसटीचं पक्कं बिल आणि कार्डावरचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या. १८ टक्के टॅक्स वाचवतो म्हणून कच्च्या चिठ्ठीवर देणारे भेटतात, दोन वर्षांनी वॉरंटी मागायला गेलात की चिठ्ठी शोधत बसा. आणि सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात आहे हे आधीच विचारा. आपल्याकडून बहुतेक वेळा कुरिअरच करावं लागतं.

बाकी जुन्या कार्डावरच रेटायचा विचार असेल तर माहितीसाठी, एनव्हिडियाने १०५० टीआयच्या पिढीला नेहमीचे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद केले आहेत, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरते अपडेट. माझा नातू सध्या रोज हेच ऐकवतो, त्याच्याकडे तर कार्डच नाही.

वडगावचा_माग
उद्यमबाग दादा तुम्ही म्हणला तसं लावून बघितलं. जीटीएमध्ये जीपीयू ९९ टक्के, म्हणजे कार्ड कमी पडतंय. वॅलोरंटमध्ये पहिली वीस मिनिटं जीपीयू साठ-सत्तर, प्रोसेसर नव्वदच्या वर. मग तापमान ८४ ला जाऊन चिकटलं आणि क्लॉक धाडकन खाली. तुम्ही बरोबर होता.

मग काल रात्री कार्ड काढलं. मंडळी, काय सांगू. फॅन सोडवला तर त्याच्या मागं हीटसिंकच दिसेना, नमद्यासारखा थर, चक्क रंगीत, मोरपिशी आणि राणी कलर, आईनं बघून ओळखलं की हे तर गेल्या वर्षीच्या लॉटचं सूत. सात वर्षांचा माल कार्डात विणला गेलाय. मागाला झाडायचा ब्लोअर होता त्यानं उडवलं आणि पेस्ट नवीन लावली. आता ६८ च्या वर जात नाही, आणि वॅलोरंट अडकायचं पूर्ण बंद.

उद्यमबाग_शिफ्ट
😂 राणी कलर. ब्लोअर मारताना फॅन बोटानं धरला होतास ना? मोकळा सोडला तर वाऱ्यानं वाटेल तेवढा गरगरतो, बेअरिंगची वाट लागते.

आता बघ, वॅलोरंटचं दुखणं फुकटात गेलं. तिथं राहिलेली अडचण प्रोसेसर आणि रॅमची. एकच स्टिक आहे म्हणजे सिंगल चॅनल, रॅमला एकच वाट, आठची अजून एक लाव. २६६६ च्या वरची घेऊन उपयोग नाही, बी३६० त्याच्यावर जातच नाही, आणि हल्ली रॅमचे भाव बघवत नाहीत, तेव्हा जुनी स्टिक मिळाली तर तीच घे. रॅम सेकंडहँड घ्यायला मी घाबरत नाही, एक रात्र मेमटेस्ट लावायची, चुका नाही आल्या तर चांगली.

शहापूरची_ताई
वडगावच्या भावा, आमच्याकडं पण खाली चार माग आहेत, हे दुःख मला विचार. तीन गोष्टी करते मी. एक, पीसी जमिनीवर ठेवायचा नाही, सूत खाली लोळत येतं, कमरेएवढ्या उंचीला ठेव. दोन, जुन्या नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा पुढच्या फॅनवर चिकटवायचा आणि पंधरा दिवसांनी तो झाडायचा, बाजारातले फिल्टर घेऊ नकोस, उगाच पैसे. तीन, पुढनं हवा आत ओढणारे फॅन दोन आणि मागनं बाहेर टाकणारा एक, म्हणजे आतला दाब जास्त राहतो आणि फटीफटीतनं सूत शिरत नाही. माग सुरू करताना लाईट डिम होत असेल तर पीसी त्या लाईनवर नको, आमच्याकडं मी वेगळी लाईन ओढून घेतली तेव्हा कुठं रीस्टार्ट व्हायचं थांबलं.

मी स्वतः आरएक्स ६६०० वर दोन वर्षं आहे. तक्रार नाही. फक्त एनव्हिडियावरून येतोयस तर डीडीयू नावाच्या सॉफ्टवेअरनं जुना ड्रायव्हर साफ धुऊन काढ आणि मगच नवीन टाक.

चिकोडी_शांत
इंटेलचं बी५८० कुणी बोललं नाही. १२ जीबी आहे.

उद्यमबाग_शिफ्ट
कार्ड चांगलंय पण ह्याच्या पीसीला नाही. एक तर बजेटच्या बाहेर, १९० वॅटचं, रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसायची सोय) चालू असल्याशिवाय त्यात राम नाही आणि ८व्या पिढीच्या बोर्डांना ते बायोस अपडेटमध्ये मिळालं तर मिळालं. वर जुन्या प्रोसेसरवर इंटेलचा ड्रायव्हर प्रोसेसरलाच जास्त राबवतो, ह्याचा प्रोसेसर आधीच नव्वदला. आणि कुणी आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त म्हणून सुचवायच्या आत सांगतो, त्याला पीसीआयईच्या, म्हणजे बोर्डाशी बोलायच्या, फक्त चार लेन, ह्याचा बोर्ड तिसऱ्या जनरेशनचा, तिथं ते गुदमरतं, मेमरी पण ४ जीबीच. ६६०० ला आठ लेन आहेत, जुन्या बोर्डावर थोडासा फरक पडतो, एवढा की मोजल्याशिवाय कळत नाही.

निप्पाणीकर
सेकंडहँड ३०६० १२ जीबी एक कोल्हापुरात आहे, १७ सांगितलंय. निपाणीपासनं चाळीस किलोमीटर, रविवारी जाऊन बघूया का? तू बेळगावातनं बसनं निपाणीपर्यंत ये, तिथनं माझी गाडी.

पुण्यातला_बेळगावकर
बारा जीबीचंच आहे हे जीपीयू-झेड ह्या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघून घ्या, ३०६० चं ८ जीबीवालं पण निघालंय, त्याची बस १९२ ऐवजी १२८ बिट आहे. तोच सॉफ्टवेअर नकली कार्डाच्या पुढं फेक असं पण लिहून दाखवतो. सोबत पेनड्राइव्हवर फरमार्क, कार्डाला दमवून तपासणारं, घेऊन जा, पंधरा मिनिटं चालवा, हॉटस्पॉट तापमान बघा, फॅनचा आवाज ऐका. इथेरियम ह्या आभासी चलनाचं माइनिंग सप्टेंबर २०२२ ला बंद पडलं तेव्हा दोन-तीन वर्षं रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली, सगळी वाईट नसतात पण मेमरीचे पॅड वाळलेले असतात.

वडगावचा_माग
एक बावळट प्रश्न, कोल्हापुरातनं आणलं तर कोगनोळी नाक्यावर काय टॅक्स बिक्स भरायला लागतो का?

हिंदवाडी_काका
ते दिवस गेले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि टॅक्सचे चेकपोस्ट उठले. आता कोगनोळीला फक्त टोल. सीमाप्रश्न तापला की बसा तेवढ्या अडकतात, कार्डाला कोणी अडवत नाही.

वडगावचा_माग
रविवारचा अहवाल. बस वेळेवर, निप्पाणीकरांची गाडी उशिरा. माणूस बोलायला चांगला होता, चहा पाजला. कार्ड दिसायला चकाचक, इतकं की धुऊन ठेवल्यासारखं. बिल मागितलं तर हरवलंय म्हणला. पीसीला लावून दाखवा म्हणलं तर पीसी विकला म्हणला. मग माझ्या मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, त्याच कार्डावर गेम चालूलालेला, पण व्हिडिओतल्या कार्डाला तीन फॅन आणि टेबलावरच्या कार्डाला दोन. निप्पाणीकरांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं. मिसळ खाऊन परत आलो.

निप्पाणीकर
मिसळ एक नंबर होती. सहल फुकट गेली असं कुणी म्हणू नये.

वडगावचा_माग
तर ठरलं. ६६०० ऑर्डर केलं, पक्क्या बिलावर, आणि ४५० चा ब्राँझ एसएमपीएस, वायरमन काकांना तक्त्याचा फोटो दाखवूनच. दोन्ही मिळून २४ हजार आठशे. रॅमची जुनी स्टिक उद्यमबाग दादांच्या ओळखीतनं बाराशेला मिळाली, त्यातले दोनशे बाबांचे, हजार माझ्या खिशातले.

शहापूरची_ताई
कार्डाची लांबी मोजलीस का? जुन्या कॅबिनेटला हार्डडिस्कचा पिंजरा मधे येतो.

वडगावचा_माग
ताई तुम्ही हे काल विचारायला पाहिजे होतं. पिंजरा आडवा आलाच. दोन स्क्रू काढले, पिंजरा बाहेर, हार्डडिस्क सध्या खाली स्पंजवर झोपली आहे.

पण खरी मजा पुढं. सगळं जोडलं, बटण दाबलं, फॅन फिरले, स्क्रीन काळी. नो सिग्नल. घामच फुटला मला, बाबा मागं उभे, तोंडानं काही बोलत नाहीत पण २५ हजार डोळ्यात दिसत होते. परत काढलं, परत घातलं, आठ पिन दाबून बघितली, रॅम पुसली. अर्धा तास गेला. मग बहीण आली आणि म्हणली, दादा, टीव्हीची वायर ह्या वरच्या भोकात का, कार्डाला पण भोक आहे की. एचडीएमआय बोर्डात होती.

खानापूर_वायरमन
प्रत्येकानं आयुष्यात एकदा केलेलं असतं हे. मी दोनदा.

पुण्यातला_बेळगावकर
आकडे सांग आता. मला माझा हट्ट सोडायला काहीतरी कारण हवं.

वडगावचा_माग
सायबरपंक हाय सेटिंगला पन्नास-साठच्या मधे, भर बाजारात गर्दी आली की पंचेचाळीसला उतरतं, तिथं जीपीयू पण सत्तर टक्क्यावर येतंय म्हणजे आता प्रोसेसर रडतोय. रे ट्रेसिंग एकदा लावून बघितलं आणि गपचूप बंद केलं. जीटीए पंच्याहत्तरला लॉक, हलत नाही. वॅलोरंटला खरं सांगायचं तर कार्डानं फार फरक पडला नाही, जो पडला तो सूत काढल्यावर आणि रॅम लावल्यावरच. तापमान ६५, मच्छरदाणी लावलेली आहे, आजीची.

उद्यमबाग_शिफ्ट
मस्त. विंडोज १० वर असशील तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. ८४०० ला ११ चालतंय, बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट ह्या सुरक्षेच्या दोन सोयी आधी चालू कर, नाहीतर ११ वर वॅलोरंट सुरूच होणार नाही. दोन वर्षांनी प्रोसेसरचा धागा काढ, तेव्हा बोलू.

पुण्यातला_बेळगावकर
हट्ट सोडला नाही, पण कार्ड बरोबर घेतलंस.

हिंदवाडी_काका
ते जुने १०५० टीआय विकणार आहात का? नातवासाठी विचारतो. सुरुवातीला एवढे पुरे.

खानापूर_वायरमन
काका थांबा, माझा नंबर आधी. माझ्या पोराला पण पाहिजे. वडगाववाल्या, तू कॅबिनेटच्या मुंग्यांचं काय केलंस?

वडगावचा_माग
अजून काही नाही काका. पैसे संपले गा.

हिंदवाडी_काका
असे असेल तर मी नाव मागे घेतो. त्या घराला अर्थिंगची गरज जास्त आहे. नातवाला मी समजावतो, म्हणजे तो मला समजावेल.

खानापूर_वायरमन
मग झालं तर. कार्ड मला दे, अर्थिंग मी करून देतो. रविवारी सकाळी येतो, परसात कोपरा बघून ठेव, आणि एक पोतं कोळसा आणि जाडं मीठ आणून ठेव. खड्डा तुम्ही बहीण-भावांनी खणायचा.

वडगावचा_माग
किती खोल?

खानापूर_वायरमन
तू खणायला लाग, मी आल्यावर बघतो.